थंडीत गच्चीवर जाऊ द्या की!

पालकहो, गेल्या पालकसभेत आमचा एक विषय निघाला आणि पाच मिनिटांत बारगळला. विषय साधा होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी हौशी रेडिओची जागतिक स्पर्धा असते. तारनाक्यावरच्या एका घराच्या गच्चीवर तिची तयारी आहे, तेव्हा सातवी ते दहावीच्या ज्या मुलांना हौस आहे त्यांना तिथे रात्रभर बसू द्यावे, एवढेच आम्ही मांडले होते. लगेच तीन आक्षेप आले. थंडी फार असते. परीक्षा जवळ आलेली असते. आणि या टिकटिकीचा उपयोग काय? चौथा आक्षेप जरा हळू आवाजात आला : मुलगे जातील हो, पण मुलींचे काय?

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नेहमीप्रमाणे ते जिना उतरताना सुचले. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. हौशी रेडिओवाले, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते स्वतःच्या यंत्रावरून आणि स्वतः बांधलेल्या तारेवरून एकमेकांशी बोलतात. मध्ये ना टॉवर, ना कंपनी, ना रिचार्ज. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, मग एक संकेतनाम मिळते. आपल्याकडे ते बहुधा व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होते. आणि स्पर्धा म्हणजे ठरलेल्या ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त केंद्रांना गाठायचे. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही त्यांतली सर्वांत मोठी स्पर्धा. ऑक्टोबरच्या अखेरीस बोलण्याची, नोव्हेंबरच्या अखेरीस मोर्सची. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी सांगायच्या : तुझा आवाज कसा येतो आणि मी जगाच्या कोणत्या विभागात आहे. या स्पर्धेने जगाचे ४० विभाग पाडले आहेत. आपण बाविसाव्यात. आपल्याबरोबर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीवही बाविसाव्यातच. अंदमान मात्र आपलाच असून सव्विसाव्यात, हे ऐकून मुलांनी नकाशा काढला होता.

आमचे काका (त्यांना नाव छापलेले आवडणार नाही) रेल्वेतून निवृत्त झालेले तारबाबू. तारनाक्याच्या नावातच तार आहे. सांगतात की इथे पूर्वी काटेरी तारेचे कुंपण आणि नाका होता. काका म्हणतात, ‘मी इथलाच, नावासकट.’ १४ जुलै २०१३ ला आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा त्यांनी दिवसभर कुणाशी बोलणे टाकले होते. पण त्यांची बोटे थांबली नाहीत. हॅमचा परवाना त्यांनी तरुणपणीच काढला होता. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची खोली, टेबलावर यंत्र, आणि त्याच्या बाजूला पितळेची की. हात लावाल तर गार.

आता थंडीचे. हैदराबादची थंडी ती काय, असे आपले पुणे-नाशिकचे पाहुणे हसतात. पण आपण पारा पंधराच्या खाली गेला की कानटोपी काढणारी माणसे. डिसेंबर-जानेवारीत तो दहा-बारापर्यंत उतरतो आणि गच्चीवर, दव पडत असताना, पहाटे पाच वाजता तो त्याहून खाली वाटतो. तेव्हा थंडीचा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. ज्या वेळी थंडी सर्वांत जास्त असते, नेमकी तीच वेळ या खेळात सर्वांत मोलाची असते.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो आणि तो लांब लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग त्याच लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर लांब उतरतात. हिवाळ्यात रात्र लांब, म्हणून हा वेळही लांब. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा कडकडतात तेव्हा रेडिओत नुसते भाजलेले पापड मोडल्यासारखे आवाज येतात. थंडीत ते जवळपास नसतात. त्यात आपल्या मोहल्ल्याची भर म्हणजे कूलर बंद, पंखे बंद, त्यामुळे त्यांच्या मोटारींची घरघरही बंद. एवढी शांतता वर्षभरात दुसऱ्या कोणत्या महिन्यात मिळत नाही.

आणि वेळेचा योग बघा. स्पर्धा सुरू होते ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला. नोव्हेंबरअखेर हैदराबादेत सूर्य उगवतो साडेसहाच्या थोडा आधी. म्हणजे आपल्याला पहिलाच तास अंधाराचा मिळतो. उजाडण्याच्या अगदी आधी दूरदूरचे आवाज काही वेळ एकदम वर येतात, दिवा विझताना मोठा होतो तसे. नंतर सूर्य आला की चाळीस मीटरचा पट्टा हळूहळू बसतो. ज्याने ‘जरा ऊन पडू दे, मग जाऊ’ म्हटले, त्याचा तो तास गेला. दुसरा मिळायला दुसरी पहाट.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही चार पालक आणि पाच मुले (त्यांत दोन मुली) असा पहिला प्रयोग केला. आदल्या संध्याकाळी तार चढवली. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी साधारण वीस मीटर तार लागते. ती गच्चीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये बांबू, टोकांना नायलॉनची दोरी. बांबू दोनदा पडला. एकदा शेजारच्या आंटींच्या वाळत घातलेल्या साडीवर पडला आणि आम्ही त्यांच्याकडे जाऊन मोडक्या तेलुगूत माफी मागून आलो. मग काकांनी चाचणीसाठी माईक हातात घेतला, तर पलीकडे सोलापूरचे एक गृहस्थ. इंग्रजीत रीतीप्रमाणे देवाणघेवाण चालली होती. तेवढ्यात मागून आमची एक सातवीतली मुलगी जोरात म्हणाली, ‘आई गं, दव पडतंय!’ ते तसेच हवेत गेले. क्षणभर शांतता, आणि मग सोलापूरहून आवाज, ‘अहो, मराठी? कुठनं बोलताय म्हणायचं?’ तारनाका म्हटल्यावर ते म्हणाले, त्यांची मावशी काचीगुड्याला होती. दहा मिनिटे गप्पा झाल्या. मुलांना वाटले हीच स्पर्धा! काकांनी सांगितले, की स्पर्धेत स्वतःच्या देशाशी बोललेल्याला गुण शून्य. आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, दुसऱ्या खंडाला तीन. सोलापूरला शून्य मिळावेत हे त्या मुलीला अजून पटलेले नाही.

पहाटे साडेपाचला जे सुरू झाले त्याचे वर्णन करणे कठीण आहे. एका मिनिटापूर्वी पट्टा जवळजवळ रिकामा होता आणि एका क्षणात सगळे जग एकदम बोलू लागले. कीर्तन संपल्यावर देवळाबाहेर चपला शोधताना जसा गलका होतो, तसा, फक्त टिकटिकीचा. काकांचे काम की चालवण्याचे. मुलांचे काम ऐकायचे, संकेतनाम लिहायचे, आधी लिहिले गेले आहे का ते बघायचे (एकाच पट्ट्यावर एकच केंद्र दुसऱ्यांदा धरत नाहीत) आणि गुणांची बेरीज करायची. मोर्समध्ये नऊचा आकडा लांबलचक, म्हणून सगळे त्याच्या जागी ‘एन’ पाठवतात. त्यामुळे आपला संदेश होतो ‘पाच, एन, एन, बावीस’ : डिडिडिडिडिट, डाडिट, डाडिट, डिडिडाडाडा, डिडिडाडाडा. तासाभरात पाचही मुले हे तोंडाने वाजवीत होती. पहिलीत आपण ‘ब बदकाचा’ शिकलो, तशी ही नवी बाराखडी. सहाच्या सुमारास फिनलंडचे एक केंद्र सापडले, सहा हजार किलोमीटरांहून लांबचे. तिथे तर खरीच थंडी. तिकडच्या लोकांच्या तारांवर बर्फ साचते आणि त्या वजनाने तुटतात. आमच्या तारेवरून दव ठिबकत होते. एक मुलगा कानटोपी नीट करत म्हणाला, ‘त्यांच्यापुढे आपण उन्हाळ्यातच आहोत की.’ पालकसभेत हेच आम्हांला सुचायला हवे होते.

थंडीशी या छंदाचे नाते आजचे नाही. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर, बोचऱ्या वाऱ्यात, पतंगाला तार बांधून ती उंच चढवली आणि इंग्लंडहून आलेले तीन ठिपके ऐकल्याचे सांगितले. (त्याने ते खरेच ऐकले का, यावर जाणकार अजून वाद घालतात. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या आपल्या पोरांना मात्र पतंगावर अँटेना ही कल्पना फार आवडली.) आम्हांला त्याहून जवळची वाटते ती वीस वर्षांनंतरची गोष्ट. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाच्या अमेरिकन हौशी माणसाला त्याच्या मित्रमंडळींनी समुद्रापार पाठवले. आपल्या घरगुती यंत्रांचा आवाज तिकडे पोहोचतो का, एवढेच बघायला. स्कॉटलंडच्या अर्ड्रोसन गावी ओल्या, वारा सुटलेल्या शेतात त्याने तंबू ठोकला, सुमारे १,३०० फूट तार अंथरली आणि रात्र-रात्र कानाला फोन लावून बसला. आवाज आले. अमेरिकेतल्या हौशी लोकांचे संदेश अटलांटिक ओलांडून त्या तंबूत उतरले. निरुपयोगी समजून ज्या लहरी हौशी लोकांच्या गळ्यात मारल्या गेल्या होत्या, त्यांच्यावर हे झाले. गॉडलीने हिवाळ्याची रात्र निवडली ती हौसेने नव्हे, दुसरी कोणती वेळ चाललीच नसती म्हणून. त्याच १९२१ साली भारतातही अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे पहिले हॅम झाले.

आता उपयोगाचा प्रश्न. याला सगळे हॅम एक ठरलेले उत्तर देतात : संकटकाळी. ते खरेच आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. १९८३ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला एक तुकडी नेली. नेतृत्व होते भारती प्रसाद यांचे, संकेतनाम व्हीयू-टू-आरबीआय. त्या बेटांवरून कित्येक वर्षे हौशी रेडिओ बोललाच नव्हता, त्यामुळे जगभरचे हॅम त्या आवाजासाठी तुटून पडले होते. पोर्ट ब्लेअरमधून हजारो संपर्क झाले. शुद्ध हौस, शुद्ध मजा. २६ डिसेंबरला, रविवारी सकाळी, भूकंप झाला आणि मग समुद्र आला. फोन गेले. भारतीबाईंनी मजा त्याच क्षणी बंद केली आणि त्याच यंत्रावरून मुख्य भूमीला बातमी, मदतीचे निरोप, ‘आम्ही सुखरूप आहोत’ असे निरोप सुरू केले. पुढे कार निकोबारशी दुवाही या मंडळींनी जोडला. बेटांवरून खुशाली कळायला दुसरा मार्ग नव्हता, अशी कितीतरी घरे या आवाजाकडे कान लावून होती.

मुलींचे काय, या प्रश्नाला आम्ही आता वेगळे उत्तर देत नाही.

पण आम्हांला एक कबूल करायचे आहे. ‘संकटात उपयोगी पडेल म्हणून मुलांना शिकवा’ हा युक्तिवाद आम्हांला मनातून फारसा आवडत नाही. त्या तुकडीने अंदमानला जाताना त्सुनामीची तयारी केली नव्हती. ते लोक मजेसाठी गेले होते, म्हणून त्या सकाळी यंत्र तिथे होते, तार बांधलेली होती, आणि गोंगाटातून एक बारीक आवाज वेगळा काढायची सवय कानांना होती. ती सवय व्याख्यान ऐकून लागत नाही. ४८ तास, डोळ्यांवर झोप, बोटे गारठलेली, आणि कुठल्यातरी बेटावरचा एक आवाज दहा मोठ्या आवाजांखाली दबलेला; तो पुन्हा पुन्हा ऐकून शेवटी लिहून घेताना लागते. उपयोग सांगून मुलांना गच्चीवर नेले तर ती दुसऱ्या वर्षी येणार नाहीत. हौसेने आली तर उपयोग आपोआप मागून येईल. आपण आपल्या मुलांना चित्रकला, तबला, भरतनाट्यम सगळे ‘व्यक्तिमत्त्व विकासासाठी’ लावतो आणि मग दहावीत ते सगळे सुटते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव नाही काय?

राहिला प्रश्न मोबाइलचा. अमेरिकेतल्या भावाशी आपण समोरासमोर बोलतो, मग बीप-बीप कशाला? सिंहगडावर गाडी जाते, तरी लोक पायवाटेने चढतातच ना. आजकाल हॅममध्येही गाडी आली आहे. २०१७ पासून एफटी-८ नावाची पद्धत निघाली. त्यात संगणकच संगणकाशी बोलतो, पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत, आणि माणसाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संदेशही वाचतो. ती तयार करणाऱ्यांत नोबेल पारितोषिक मिळालेले जो टेलर आहेत, तेव्हा तिला नावे ठेवायची आमची प्राज्ञा नाही. काका मात्र ठेवतात. ‘यंत्रांनी यंत्रांशी गप्पा मारायच्या आणि आपण चहा प्यायचा,’ असे ते म्हणतात. मुलांना ती पद्धत जरूर दाखवू. पण पहाटे साडेपाचला नको.

परीक्षेबद्दल आम्ही हमरीतुमरीवर येणार नाही. दहावीच्या मुलांनी यावे की नाही ते त्यांच्या घरी ठरवा. बाकीच्यांना एवढेच सांगतो, की स्पर्धा सोमवारी पहाटे साडेपाचला संपते आणि शाळा त्यानंतर असते. गेल्या खेपेला मुलांना आम्ही पाळीपाळीने झोपवले, रविवारी रात्री दहानंतर कुणालाच ठेवले नाही. सोमवारी पाचही मुले शाळेत होती. वर्गात कोण पेंगले हे आम्ही विचारले नाही, बाईंनीही सांगितले नाही. आमच्या वहीत दोनशेच्या आसपास केंद्रे झाली. मोठी केंद्रे काही हजार करतात, तेव्हा मिरवण्यासारखे त्यात काही नाही.

चुकाही झाल्या. समोरच्या बाल्कनीतल्या दिव्यांच्या माळेने पहिल्या रात्री आम्हांला अर्धे बहिरे केले. दोन तास आम्ही आपल्याच यंत्रात बिघाड शोधत होतो. शेवटी आंटींनीच (साडीवाल्या) खालून विचारले, ‘रातभर उप्पर क्या टिकटिक करते जी?’ त्यांना वर बोलावून ऐकवले, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन ती माळ बंद केली आणि सकाळी पेसरट्टू पाठवले. दव शिरून तारेचा एक जोड गंजला. शेगडी पेटवायची कल्पना आमच्यातल्या एका पालकांची. बंद खोलीत ती धोक्याची म्हणून काकांनी ओरडून बाहेर काढायला लावली, आणि बरोबर केले. यंदा शेगडी नाही, गोधड्या आहेत.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते. ते शिखरावर आल्याचे शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. डाग भरपूर असतात तेव्हा दिवसाढवळ्या, उन्हात बसून, वरच्या पट्ट्यांवर सहज जग सापडते. इथून पुढे ते ओसरत जाणार आणि रात्रीचे पट्टेच जास्त कामाचे ठरणार. आज सातवीत असलेल्या मुलाच्या शाळेची सगळी वर्षे त्या उतरणीत जातील. त्याला ‘दिवसा काय ते खेळ’ म्हणणे म्हणजे भरती ओसरल्यावर पोहायला पाठवण्यासारखे आहे.

तेव्हा येत्या पालकसभेत हा विषय आम्ही पुन्हा मांडणार आहोत. पाठिंबा देणाऱ्यांनी कृपया सभेतच द्यावा, जिन्यात नको. मुलांबरोबर एक पालक आला तर उत्तम. आजी-आजोबांना जिना झेपत असेल तर त्यांचेही स्वागत. स्वेटर, कानटोपी, सतरंजी, पेन्सिल आणि फ्लास्क आणावा. उस्मानिया बिस्किटांची सोय आमच्याकडे. बारा वर्षांवरील ज्यांना पुढे परवान्याच्या परीक्षेला बसायचे असेल त्यांना काका रविवारी सकाळी मोफत शिकवायला तयार आहेत. जानेवारीतल्या १६० मीटरच्या स्पर्धेबद्दल दोघांनी विचारले होते. तिला ऐंशी मीटर तार लागते आणि ती आमच्या गच्चीत मावत नाही. शिवाय संक्रांतीचा मांजा त्या दिवसांत सगळ्या तारांवर लोंबत असतो. कुणाच्या ओळखीत लांब, मोकळे आवार असेल तर सांगा.

आणि वीस फुटी बांबू कुणाकडे पडून असेल तर आम्हांला हवा आहे. जुना तिसऱ्यांदा पडला.